कुंपणापलीकडचं सांबर

शिकारीशी आमच्या पिढीचा संबंध आला तो वाचनालयापुरता. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि माझा जन्म त्याच्यानंतरचा. म्हणजे मला वाचता येईपर्यंत वाघ, सांबर, भेकर ही मंडळी सरकारी संरक्षणात गेली होती आणि शिकारी मंडळी आठवणी लिहायला बसली होती. त्या आठवणींतून मला झालेलं ज्ञान असं : शिकारी मचाणावर बसतो, रात्र चांदणी असते, सोबतीला एक विश्वासू वाटाड्या असतो आणि गोळी बरोबर खांद्याच्या मागे चार बोटांवर लागते. जनावर आलंच नाही, चार रात्री डास मारून परत आलो, असं लिहिणारा शिकारी माझ्या वाचनात नाही. बँकेची बुडीत कर्जं जशी अहवालाच्या मागच्या पानावर बारीक टायपात असतात, तशा या लोकांनी आपल्या फसलेल्या शिकारी कुठल्या तरी परिशिष्टात घातल्या असाव्यात. आणि आमच्या वाचनालयातल्या प्रतीचं शेवटचं पान नेहमी फाटलेलं असे.

ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेख.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही उभयता अमेरिकेत डेन्व्हरला, सुहासकडे होतो. सुहास हा माझा धाकटा मेहुणा. बारा वर्षं भाऊबीज फोनवर चालली होती. फोनच्या काचेला ओवाळून ओवाळून हिचा धीर सुटला आणि ‘या वर्षी प्रत्यक्ष’ असा ठराव पास झाला. मी हक्काची रजा टाकली. डेन्व्हर हे शहर साधारण आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं उंच आहे. फरक एवढाच, की कळसूबाईला चढावं लागतं आणि इथे विमान तुम्हाला आयतं शिखरावर नेऊन ठेवतं. दम मात्र तेवढाच लागतो.

सुहासचा मुलगा रोहन पंधरा वर्षांचा. या वयाची मुलं घरात राहतात, पण वास्तव्य करीत नाहीत. जेवायला येतात, ‘ओके’ म्हणतात आणि खोलीत अंतर्धान पावतात. आम्ही गेल्यापासून आठ दिवसांत तो माझ्याशी एकंदर अकरा शब्द बोलला होता. त्यांतले चार ‘ओके’ होते. मग एके संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यानं आपण होऊन एक संपूर्ण वाक्य उच्चारलं. तो म्हणाला, “काका, आम्ही एल्क हंटिंगला जातो, तुम्ही येता?”

“एल्क म्हणजे?” मी विचारलं.

“आपलं सांबर, भाऊजी,” सुहास म्हणाला. “त्याचा थोरला चुलतभाऊ समजा.”

माझ्या पत्नीला फक्त ‘सांबर’ ऐकू आलं. ती म्हणाली, “अगं बाई, मग इडल्या भिजत घालायला हव्यात.”

पुढे जी माहिती मिळाली ती मी व्यवस्थित टिपून घेतली. एल्कचा नर सातशे पौंडांच्या घरात, म्हणजे तीनशे किलोच्या वर. शिंगं दर वर्षी गळतात आणि काही महिन्यांत नवी येतात. आमच्या खात्यात बदल्यांचे हुकूमदेखील इतक्या नियमितपणे येत नाहीत. नावाचा घोटाळा वेगळाच. युरोपात एल्क म्हणतात ते जनावर म्हणजे अमेरिकेतलं मूस. इंग्रज वसाहतवाल्यांनी इथलं निराळंच जनावर पाहिलं आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या खात्यावर टाकलं. ती चुकीची नोंद तीन-चारशे वर्षांत कुणीही फिरवलेली नाही. तिथल्या मूळच्या शॉनी लोकांचा शब्द ‘वापिटी’. त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा. या लोकांना शिकारीचा खरा अनुभव होता हे मला चार दिवसांनी कळलं. शिकाऱ्याला या जनावराचं जेवढं दिसतं, तेवढ्यावरूनच त्यांनी नाव ठेवलं होतं.

कोलोरॅडोत एल्क अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पावणेतीन-तीन लाख तरी असतील. एके काळी इतके मारले, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यलोस्टोनकडून आणून पुन्हा सोडावे लागले. आता परवाने आहेत, मोसम आहेत, नियम आहेत. नियम म्हटल्यावर माझे कान टवकारले. एक जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा वर्ग करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बापलेक एकाच वर्गात बसले होते आणि बापापेक्षा लेकाला जास्त मार्क पडले होते. कमरेच्या वर निदान पाचशे चौरस इंच भडक नारिंगी कपडा हवा, डोक्यावर टोपी तीच. २०१६ पासून गुलाबीही चालतो. नराला एका बाजूला किमान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळावरचं टोक निदान पाच इंच हवं. म्हणजे आधी शिंगं मोजायची, मग घोडा ओढायचा. आणि सगळ्यांत मुख्य, वेळ. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. त्याच्या बाहेर एक गोळी सुटली तर गुन्हा.

“एवढं सगळं पाळून कुणाला एल्क मिळतो?” मी विचारलं.

“साधारण पाचांतल्या एकाला,” सुहास म्हणाला.

आमच्या शाखेचं वसुलीचं प्रमाण याहून बरं आहे, हे मी मनात म्हटलं. तसं पाहिलं तर वसुली हीही शिकारच. मी दोन वर्षं त्या टेबलावर काढली आहेत. थकबाकीदाराच्या अंगणात ताजी मोटरसायकल उभी असते, चुलीवर चहा उकळत असतो, चपला दारात असतात आणि स्वतः धनी मात्र ‘आत्ताच बाहेर गेले’ असतात. माग काढणं म्हणजे काय, हे मला नव्यानं शिकण्यासारखं नव्हतं.

आता मुद्दा जागेचा. सरकारी जंगलात कुणीही परवानाधारक शिकार करू शकतो, म्हणून तिथे सगळेच जातात. एवढी नारिंगी माणसं एकदम रानात शिरली, की शहाणे एल्क खाजगी जमिनीवर सरकतात. तेव्हा खाजगी जमीनच भाड्यानं घ्यायची असं सुहासनं ठरवलं. वाटाड्या, स्वयंपाकी, घोडे असं सगळं घेऊन केलेली शिकार माणशी आठ-दहा हजार डॉलरला पडते. ती आपल्याला परवडायची नाही. म्हणून ‘सेल्फ-गाइडेड’. याचा अर्थ, जमीन मालकाची, पैसे आपले आणि वाट चुकायची ती स्वतःच्या जबाबदारीवर.

मालकानं जाहिरातीत लिहिलं होतं, ‘६४० एकर, खाजगी, एल्क रोज दिसतात’. सोबत फोटो होता. फोटोत नऊ एल्क होते. दर माणशी सहाशे डॉलर, चार दिवसांचे. मी बंदूक धरणार नव्हतो, तर माझ्यासाठी वेगळा दर निघाला : ‘ऑब्झर्व्हर, शंभर डॉलर’. बावीस वर्षांच्या नोकरीत मी निरीक्षकांना चहा पाजत आलो. निरीक्षकाचा दर्जा मला पहिल्यांदा मिळाला तो एका गुराख्याकडून, रोख भरून.

कार्यालयीन शिस्तीनं मी एक प्रश्न विचारला, एल्क नाही मिळाला तर पैसे परत का? सुहासनं मालकाचं उत्तर वाचून दाखवलं. जनावर सरकारचं, मी विकतो तो फक्त प्रवेश. कायद्यानं ते अगदी खरं आहे. तिथे रानातलं जनावर जनतेच्या मालकीचं आणि त्याच्या पायाखालची जमीन मालकाची. आमच्या लॉकरसारखंच हे. भाडं कप्प्याचं, आत काय आहे हे बँकेनं विचारायचं नाही. फक्त इथे कप्पा उघडल्यावर रिकामा निघण्याची शक्यता पाचांत चार.

सुहासची बायको हौशी. तिनं एक मोठा फ्रीजर विकत आणला. एका एल्कचं दीडशे-दोनशे पौंड मांस निघतं, ते ठेवणार कुठे? बाजारात तुरी म्हणतात त्या याच. पण तुरीसाठी भटानं भटणीला मारण्याअगोदर शीतकपाटही आणल्याचं म्हणीत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री सुहास माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “भाऊजी, मला काही शिकारीचं वेड नाही. तुम्हाला माहीत आहे, मी झुरळ मारायलासुद्धा हिला हाक मारतो. रोहनच्या वर्गातली मुलं जातात, म्हणून त्याला जायचंय. पण त्यानं मला ‘बाबा, आपण जाऊ’ असं म्हटलं. तीन वर्षांत ‘आपण’ हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.” मग जरा थांबून म्हणाला, “आमचे बाबा मला वाईला कृष्णेच्या घाटावर गळ टाकायला न्यायचे. आम्ही एकही मासा कधी घरी आणला नाही. पण बाबांशी आयुष्यात जे काही बोललो असेन ते तिथंच. आता याच्या अजून दोन-तीन दिवाळ्या घरी. मग तो कुठे आणि आम्ही कुठे.”

यावर निरीक्षकानं काय शेरा मारायचा? मी “लवकर झोप” म्हटलं.

मोसम नेमका दिवाळीत पडला होता. नरकचतुर्दशी गुरुवारी, लक्ष्मीपूजन शुक्रवारी, पाडवा शनिवारी आणि भाऊबीज रविवारी. रविवार हाच मोसमाचाही शेवटचा दिवस. हिनं एकच अट घातली, भाऊबीजेला भाऊ घरी हवा. शिकार मिळो न मिळो, रविवारी रात्री बाराच्या आत पाटावर.

मीकर हे गाव डेन्व्हरपासून साडेतीनशे-एक किलोमीटर. वाटेत अकरा हजार फुटांवरचा एक बोगदा लागतो आणि नंतर चक्क ‘रायफल’ नावाचं गाव. तिथून उत्तरेला वळायचं. शकुन म्हणून याहून चांगलं गाव कुठलं मिळणार? मीकरच्या आसपासचा एल्कचा कळप राज्यातला सगळ्यांत मोठा मानतात. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष होण्यापूर्वी काही महिने, १९०१ च्या हिवाळ्यात इथे येऊन राहिले होते. ते मात्र डोंगरी सिंहाच्या मागावर होते आणि त्यांना ते मिळालेही. आम्ही कॉफी प्यायला थांबलो तिथे भिंतीवर एल्कची तीन मुंडकी होती. जाहिरातीतलं ‘रोज दिसतात’ हे वाक्य पहिल्याच दिवशी खरं ठरलं.

नरकचतुर्दशीला चारला उठलो. लहानपणापासूनची सवय असल्यामुळे उठण्याचं काही वाटलं नाही. हिनं उटणं आणि मोती साबण बांधून दिला होता. मी तांब्या भरणार एवढ्यात रोहन धावत आला. “काका, नो! तुम्ही वास करणार!” एल्कचं नाक फार तिखट. त्या दिवशी आम्ही बिनवासाच्या साबणानं अभ्यंगस्नान केलं. नरकासुर मारला गेला की नाही, मला शंका आहे. मग नारिंगी जाकीट आणि टोपी चढवून आम्ही तिघं अंधारात निघालो. मला वाटलं, हा भडक रंग बघून जनावर पळेल. रोहन म्हणाला, हरणांच्या जातीला तो नीट दिसतच नाही. तो रंग एकमेकांसाठी. माणसाला माणसापासून वाचवण्याची सरकारनं केलेली सोय.

उणे सहा अंशांत आम्ही एका खडकाच्या आड तीन तास बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही. आठ वाजता मला भूक लागली म्हणून मी खिशातून चकली काढली. खुसखुशीत चकलीचा पहिला तुकडा त्या शांततेत जो वाजला, तो मला वाटतं रायफल गावापर्यंत ऐकू गेला असेल. बापलेकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. उरलेली चकली मी तोंडात धरून भिजवून खाल्ली. त्या क्षणी समोरच्या टेकडीवर हालचाल झाली. सुहासनं दुर्बीण लावली. एक नारिंगी टोपी, दुसरी नारिंगी टोपी, तिसरी.

मालकानं तेच ६४० एकर आणखी दोन पार्ट्यांना दिलं होतं. एक तारण तीन कर्जांना! आमच्याकडे हे करणाऱ्याला तुरुंग आहे. दुपारी सुहासनं त्याला गाठून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, खाजगी याचा अर्थ माझी खाजगी, तुमची नव्हे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लेंड्या सापडल्या. रोहननं त्या काठीनं फोडून पाहिल्या आणि जाहीर केलं, “फ्रेश!” बाप वाकून पाहू लागला. मुलगा त्याला ठसे दाखवत होता. मादी कुठली, वासरू कुठलं, कळप कुठे वळला. चार पिढ्यांत आमच्या नात्यागोत्यात कुणी लेंड्यांकडे इतक्या प्रेमानं पाहिलेलं नाही. माग काढीत आम्ही दीड मैल गेलो, तो थेट तारेच्या कुंपणापाशी. चार फुटी कुंपण. कळप ते ओलांडून पलीकडे गेला होता, आणि एका तारेवर तपकिरी केसांचा एक पुंजका ठेवून गेला होता, पोहोचपावती दिल्यासारखा.

संध्याकाळी मालक पुन्हा भेटला. त्याची कारणं ऐकताना मला माझ्या थकबाकीदारांची आठवण होऊन भरून आलं. या वर्षी थंडी उशिरा. बर्फ पडलं नाही, त्यामुळे कळप उतरले नाहीत. शिवाय लांडगे. २०२० साली मतदान घेऊन सरकारनं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये दहा लांडगे आणून सोडले, तेव्हापासून एल्क बिथरले. हे लांडगे सोडले होते तिथून शंभरेक किलोमीटर दूर; पण कर्जदाराचं पीकही शेजारच्या तालुक्यातल्या गारपिटीनं जातं, हे मला ठाऊक होतं. शेवटी म्हणाला, आणि चंद्र नाही ना. अमावास्याच होती ती. पौर्णिमा असती तर चंद्र आहे म्हणून आले नसते.

केबिनमध्ये आम्ही लक्ष्मीपूजन केलं. लक्ष्मी मालकाकडे गेलेली असल्यामुळे तिच्या जागी दोन परवाने आणि मोसमाचं वेळापत्रक मांडलं. रोहननं सूर्यास्ताच्या वेळा तक्त्यावर लाल शाईनं खुणावल्या होत्या. पूजा झाल्यावर लांबून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. मी म्हटलं, “कुणाचा तरी भात झाला.” रोहन कुजबुजला, “बुल!” सप्टेंबरात माजावर आलेले नर अशी शीळ घालतात, हा कुणी उशिरा जागा झालेला. सातशे पौंडांचं जनावर आणि आवाज पिपाणीचा. आमचे एक जुने शाखाधिकारी असेच होते.

पाडव्याला एल्क दिसले. चाळीस तरी असतील. कुंपणाच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या शेतात. शेतात हिरवागार लसूणघास, ज्याला तिकडे अल्फाल्फा म्हणतात. मंडळी पंगतीला बसावी तशी बसली होती. काही चरत होती, काही रवंथ करीत होती. एक मोठा नर तर आमच्याकडे तोंड करून निवांत उभा. शिंगं मोजायला भरपूर वेळ होता. एका बाजूला सहा टोकं. अंतर दोनशे यार्डसुद्धा नसेल. मधे फक्त चार फूट उंचीची तार, आणि तिच्यामागे अमेरिकेची राज्यघटना. परवानगीवाचून त्या जमिनीवर पाऊल टाकता येत नाही. पाऊल राहो, आपल्या हद्दीत जखमी झालेलं जनावर पलीकडे जाऊन पडलं, तरी आधी मालकाला विचारायचं.

त्या दुपारी कुंपणाशी बसून रोहननं मला एक गोष्ट सांगितली. पश्चिमेकडे रेल्वे न्यायला १८६० च्या दशकात सरकारनं कंपन्यांना जमीन दिली ती एक मैलाचा चौकोन सोडून एक, बुद्धिबळाच्या पटासारखी. पांढरी घरं खाजगी, काळी सरकारी. आता काळ्या घरातून तिरक्या काळ्या घरात जायचं, तर कोपरा ओलांडताना खांदा खाजगी हवेतून जातो. २०२१ मध्ये वायोमिंगमध्ये मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर चक्क शिडी उभी करून ती ओलांडली. जमिनीला बोटही लागलं नाही. तरी खटला झाला. पंचांनी त्यांना सोडलं, पण मालकानं दिवाणी दावाही लावला होता. या गोष्टीचा शेवट आम्ही परत आल्यावर, २०२५ साली लागला. वरच्या संघीय न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. बुद्धिबळात उंटाला जे सुरुवातीपासून करता येतं ते माणसाला करता यावं म्हणून चार वर्षं कोर्टकचेरी. आमच्या कोकणातल्या दीड गुंठ्याचा दावा एकोणीस वर्षं चालू आहे, तेव्हा मला हा निकाल घाईचा वाटला.

पण माझं लक्ष गोष्टीकडे नव्हतं, सांगणाऱ्याकडे होतं. हा तोच मुलगा, आठ दिवसांत अकरा शब्द बोललेला. पलीकडे सुहास खडकाला टेकून दुर्बीण पुसत होता. तीच काच त्यानं तीनदा पुसली.

भाऊबीजेच्या पहाटे एक चमत्कार झाला. त्या देशात वर्षातून एकदा घड्याळं तासभर मागे घेतात, आणि २०२४ मध्ये तो दिवस नेमका तीन नोव्हेंबर, भाऊबीजेचा. आम्हाला पंचवीस तासांचा दिवस मिळाला. मार्चअखेर बॅलन्स जुळत नसताना अशी सोय आपल्याकडे का करीत नाहीत, याचा रिझर्व्ह बँकेनं विचार करावा. मिळालेला तासही आम्ही खडकामागेच घालवला. सकाळ गेली, दुपार गेली. इतर दोन पार्ट्या मालकाला आणि लांडग्यांना शिव्या देत सामान आवरून निघून गेल्या. ६४० एकर अखेर खाजगी झाले.

सुहास म्हणाला, निघू या, ताई वाट बघत असेल. रोहन म्हणाला, बाबा, शेवटपर्यंत. तक्त्याप्रमाणे वेळ संपणार होती पाच अडतीसला.

पाच वाजून गेले. सूर्य डोंगरामागे गेला. पाच पंचवीस. पाच तीस. बोटांतली जाणीव गेली. पाच अडतीस झाले आणि सुहासनं एक लांब श्वास सोडून थर्मासचं झाकण लावलं. तेवढ्यात कुंपणापाशी तार झणझणली.

तो सहा टोकांचा नर होता. चार फुटांची उडी त्यानं उंबरठा ओलांडावा तशी मारली आणि आमच्या हद्दीत उतरला. पैसे भरलेल्या, पावती घेतलेल्या, कायदेशीर हद्दीत. पन्नास पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. पाठीवर शेवटचा उजेड होता. वाचनालयातल्या पुस्तकांत लिहितात ते खांद्यामागचं चार बोटांचं ठिकाण मलासुद्धा दिसत होतं. बंदूक रोहनच्या हातात होती आणि नळी वर झालेली होती.

मी घड्याळ पाहिलं. पाच बेचाळीस.

आसपास मैलभर कुणी नव्हतं. मालक गावात गेला होता. सरकारचा माणूस असलाच तर रायफल गावात चहा पीत असेल. चार मिनिटांचा हिशेब मागायला येणार कोण? सुहास काही बोलला नाही. एल्ककडे पाहत नव्हता तो, मुलाकडे पाहत होता. रोहननं मान वळवून मनगट पाहिलं. मग नळी हळूहळू खाली आली, त्यानं काडतूस काढून हातात घेतलं आणि बापाला कुजबुजत म्हणाला, “बाबा, टाइम झाला.”

बँकेच्या खिडकीवर मी बावीस वर्षं बसलो आहे. वेळ संपल्यावर धापा टाकत आलेल्या गिऱ्हाइकाला ‘टाइम झाला, उद्या या’ हे सांगण्यात माझी हयात गेली. बाहेरचे लोक त्याला आमचा उर्मटपणा म्हणतात. पण तेच दोन शब्द त्या मुलाच्या तोंडून ऐकले आणि मला टोपी सारखी करण्याचं निमित्त करून दुसरीकडे पाहावं लागलं. एल्कनं मिनिटभर आमची पाहणी केली. मग सावकाश वळला आणि आपलं शॉनी भाषेतलं नाव आम्हाला दाखवीत अंधारात गेला.

परतीच्या चार तासांत गाडीत मला एक शब्द बोलायला जागा मिळाली नाही. रोहन बोलत होता. त्या नराबद्दल, वाऱ्याबद्दल, पुढच्या मोसमाबद्दल, वर्गातल्या एका मुलीबद्दल, कॉलेजबद्दल, आणि एकदम म्हणाला, “बाबा, तुम्ही आजोबांबरोबर फिशिंगला जायचात ना? काय पकडलं?” सुहास म्हणाला, “काही नाही.” आणि दोघं इतके हसले, की बोगद्यात गाडी जरा हलली. रात्री साडेअकराला घरी पोहोचलो. ही पाटाशी बसल्या बसल्या पेंगत होती. नारिंगी जाकिटासकट भावाला ओवाळलं. पाडव्याची ओवाळणी आपोआप वाचली अशी माझी समजूत होती. तिच्यावर एका दिवसाचं व्याज धरलेलं आढळलं.

आता जमाखर्च. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे तो मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. जागेचे तेराशे, परवाने, पेट्रोल, काडतुसं, कपडे मिळून सतराशे डॉलर. त्या वेळच्या चौऱ्याऐंशीच्या भावानं एक लाख बेचाळीस हजार आठशे रुपये, फ्रीजर वेगळा. मिळालेलं मांस शून्य. किलोचा दर काढायला गेलो तर शून्यानं भागायची वेळ येते आणि ते बी.कॉम.ला शिकवत नाहीत. फ्रीजर मात्र वाया गेला नाही. हिनं येण्यापूर्वी त्यात दीडशे पुरणपोळ्या भरून ठेवल्या. वजनानं एका एल्कच्या एखाद्या फऱ्याइतक्या भरल्या असतील. जमेच्या बाजूला रोहनच्या चार तासांच्या बोलण्याची रक्कम टाकायची होती, पण तिला कुठलं शीर्षक द्यावं हे सुचेना. सुहासला विचारलं, तर तो म्हणाला, “भाऊजी, ती मुदत ठेव समजा.”

पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन आम्ही एस्टेस पार्कला गेलो. डोंगरातलं थंड हवेचं गाव, महाबळेश्वरच्या वळणाचं. तिथल्या गोल्फच्या मैदानावर सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, तीसेक एल्क बसले होते. एक नर रस्त्याच्या मधोमध उभा राहून मोटारी अडवीत होता आणि त्याला वाट द्यायला दोन्हीकडे रांगा लागल्या होत्या. १९१३ साली यलोस्टोनहून आणून सोडलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं, आता गावचे सरपंच. मुलांना बाजूला घ्या, जवळ जाऊ नका, असे फलक जागोजाग लावलेले. आमच्या हिनं गाडीच्या काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “अहो, हेच ना ते, तुम्हाला चार दिवस दिसलं नाही ते?”

रोहननं मनगट पुढे करून मला घड्याळ दाखवलं. “काका, टाइम बरोबर आहे.”

“मग?” मी म्हटलं.

“जागा चुकली.”

मी मान डोलावली. बँकेत काढलेल्या आयुष्यात मी हेच पाहत आलो आहे. चेकवर तारीख बरोबर असते तेव्हा सही जुळत नाही, आणि सही जुळते तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.